संपवतो कोण, संपवलं कोणी : स्पॅनिश क्रियापदावरच्या तिरक्या रेघेचा इतिहास

स्पॅनिशमध्ये एक शब्द तीन प्रकारे म्हणता येतो. अक्षरं तीच, क्रमही तोच : तेर्मिनो. पहिल्या तुकड्यावर जोर दिला, 'तेर्-मि-नो, तर अर्थ होतो मुदत किंवा शेवट. मधल्या तुकड्यावर दिला, तेर्-'मी-नो, तर 'मी संपवतो'. शेवटच्या तुकड्यावर दिला, तेर्-मि-'नो, तर 'त्याने संपवलं' किंवा 'तिने संपवलं'. (या लेखात जिथे शब्द तोडून दाखवले आहेत, तिथे ज्या सिलॅबलवर जोर आहे त्याच्या आधी ' अशी खूण केली आहे.)

मराठी माणसाला हे सुरुवातीला पचत नाही. आपण 'करतो' हा शब्द 'कर'वर जोर देऊन म्हटला काय किंवा 'तो'वर देऊन म्हटला काय, करणारा बदलत नाही. फार तर ऐकणाऱ्याला वाटेल की आपण चिडलो आहोत. स्पॅनिशमध्ये मात्र जोर सरकला की माणूस बदलतो आणि काळही बदलतो. 'पा-गो म्हणजे मी पैसे भरतो. पा-'गो म्हणजे त्याने पैसे भरले. 'फिर्-मो म्हणजे मी सही करतो, फिर्-'मो म्हणजे त्याने सही केली. लिहिताना या दोन्हींत फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात शेवटच्या 'ओ'वर एक छोटी तिरकी रेघ असते. तिला स्पॅनिशमध्ये 'तिल्दे' म्हणतात. कोर्टातल्या जबानीत किंवा भाडेकरारात ही रेघ गळली तर सही नेमकी कोणाची, असा प्रश्न उभा राहू शकतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या टीममधले काही जण बुएनोस आयरेसमध्ये बसतात. त्यांच्याशी रोज कॉलवर बोलायचं म्हणून मी स्पॅनिश शिकायला घेतलं आणि सवयीप्रमाणे पाठांतराच्या आधी कोड लिहायला बसले. क्रियापदाचं कुठलंही रूप दिलं की प्रोग्रॅमने त्याचे सिलॅबल पाडायचे आणि आघात कुठे आहे ते सांगायचं. कोड छोटासाच झाला. तो पूर्ण झाल्यावर खरा प्रश्न पडला : हे नियम असेच का आहेत? त्याचं उत्तर शोधत गेले ते थेट रोमपर्यंत.

आधी नियम

नियम खरंच सुटसुटीत आहेत. आ, ए, ओ हे सबळ स्वर. इ, उ हे दुबळे. सबळ आणि दुबळा शेजारी आले तर दोघं मिळून एकच सिलॅबल. दोन सबळ शेजारी आले तर दोन सिलॅबल. 'मी वाचतो' या अर्थाचा 'ले-ओ' म्हणून दोन तुकड्यांचा. 'तो अभ्यास करतो' हा एस्-'तू-द्या तीन तुकड्यांचा, कारण शेवटचे इ आणि आ एकत्र येतात. पण दुबळ्या स्वरावर तिल्दे आली की तो शेजाऱ्यापासून सुटा होतो. म्हणून 'तो पाठवतो' म्हणजे एन्-'बी-आ. याच कारणाने 'आस्या' आणि 'आसीआ' हे वेगळे शब्द ठरतात. पहिल्याचा अर्थ 'च्या दिशेने', दुसऱ्याचा 'तो करत असे'. कागदावर दोघांत फक्त एका रेघेचा फरक.

मग आघात. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर. दुसरं कुठलंही व्यंजन असेल तर शेवटच्या सिलॅबलवर. हा नियम मोडणाऱ्या शब्दांवर तिल्दे द्यायची, बाकीचे मोकळे सोडायचे.

न आणि स यांना वेगळी वागणूक का, हे क्रियापदांचं कोष्टक समोर ठेवलं की कळतं. 'ते बोलतात' हे रूप न वर संपतं, 'तू बोलतोस' हे स वर. ही दोन व्यंजनं कर्ता कोण ते सांगणारे प्रत्यय आहेत. आब्ला, आब्लास, आब्लान : तो बोलतो, तू बोलतोस, ते बोलतात. तिन्हींत आघात पहिल्याच सिलॅबलवर आहे, आणि या नियमामुळे तिन्ही शब्द बिनरेघेचे राहतात. डेटा कॉम्प्रेस करणाऱ्याला हा विचार लगेच ओळखीचा वाटेल : जे नेहमी घडतं ते लिहायचं नाही, जे वेगळं घडतं तेवढंच नोंदवायचं.

आता पूर्ण कोष्टक पाहिलं तर रेघा कुठे दाटलेल्या दिसतात? भूतकाळात आणि भविष्यकाळात. वर्तमानकाळ बराचसा कोरा असतो. माझं कुतूहल इथून वाढलं.

लघु, गुरू आणि रोम

लॅटिनमध्ये आघात कुठे पडेल हे ठरलेलं होतं. शेवटून दुसरं सिलॅबल जड असेल तर आघात त्यावर, हलकं असेल तर त्याच्याही आधीच्या सिलॅबलवर. जड म्हणजे दीर्घ स्वर असलेलं, किंवा व्यंजनाने बंद झालेलं. शाळेत वृत्तं शिकताना आपण जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू मोजत होतो, तोच हा हिशेब. रोमन माणूस प्रत्येक शब्दात नकळत लघु-गुरू मोजून बोलत होता.

'मी गातो' हे लॅटिनमध्ये 'कान्-तो होतं आणि स्पॅनिशमध्येही 'कान्-तो राहिलं. 'त्याने गायलं' हे मात्र कान्-'ता-वित होतं. मधलं 'ता' दीर्घ, म्हणून आघात त्यावर. रोजच्या बोलण्यात शेवटचं 'वित' झिजलं आणि 'ताउत'सारखं काहीतरी उरलं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर अशी झिजलेली रूपं लोकांनी खरडलेली सापडतात, म्हणजे ही झीज तेव्हाच सुरू झाली होती. पुढे आउचा ओ झाला आणि स्पॅनिशमध्ये उरलं कान्-'तो. शेपूट गेलं, पण आघात जिथे होता तिथेच राहिला. पूर्वी जो शेवटून दुसरा तुकडा होता, तो आता शेवटचा झाला. नव्या नियमाच्या नजरेत तो अपवाद ठरला आणि त्याच्यावर रेघ आली. भूतकाळातल्या या रूपावरची तिल्दे म्हणजे गळून पडलेल्या सिलॅबलच्या जागेची खूण आहे.

स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाला छळणारी एक गोष्टही यातून उलगडते. 'तो बोलला' हे आ-'ब्लो, पण 'तो म्हणाला' हे मात्र 'दी-खो, पहिल्या तुकड्यावर जोर. पुस्तकं त्याला अनियमित क्रियापद म्हणून मोकळी होतात. लॅटिनमध्ये ते 'दीक्-सित होतं. दोनच सिलॅबल. लॅटिनचा आघात शेवटच्या सिलॅबलवर सहसा जात नसे, म्हणून तो पहिल्यावर होता आणि आजही तिथेच आहे. 'त्याने केलं' हे 'ई-सो आलं लॅटिनच्या 'फे-कित वरून. तेही तसंच. ही क्रियापदं लॅटिनच्या नियमाने अगदी बरोबर वागतात.

कॉम्प्युटरचा जुना भाऊ

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'मोजणे' या क्रियापदाचं आहे. लॅटिनमध्ये ते कोम्पुतारे. कॉम्प्युटर हा शब्द त्याच घराण्यातला. स्पॅनिशमध्ये ते झिजून 'कोन्तार' झालं, अर्थ मोजणे आणि सांगणे.

'मी मोजतो' हे लॅटिनमध्ये 'कोम्-पु-तो. मधलं 'पु' लघु, म्हणून आघात पहिल्यावर. आघाताच्या शेजारचा दुबळा 'पु' हळूहळू गळून गेला. आघात असलेल्या ओचा मात्र वे झाला : 'क्वेन्-तो. पण 'आम्ही मोजतो' या रूपात आघात पुढे होता, कोम्-पु-'ता-मुस. तिथे ओवर जोर नाही, म्हणून तो ओच राहिला : कोन्-'ता-मोस. स्पॅनिशच्या वर्गात अशा क्रियापदांना बुटाची क्रियापदं म्हणतात, कारण कोष्टकात बदललेल्या रूपांभोवती रेघ ओढली की बुटाचा आकार दिसतो. त्या बुटाच्या आतली घरं म्हणजे लॅटिनचा आघात धातूवर पडायचा ती घरं. बाहेरची दोन घरं, 'आम्ही' आणि 'तुम्ही', यांत आघात प्रत्ययावर होता. बूट कोणी डिझाइन केला नाही. तो आघातानेच कोरला.

आघात नेहमीच जागेवर राहिला असंही नाही. 'आम्ही गात होतो' हे लॅटिनमध्ये कान्-ता-'बा-मुस होतं. इटालियनने तो जोर आजही 'बा'च्या जागीच ठेवला आहे. स्पॅनिशमध्ये तो एक घर मागे आला : कान्-'ता-बा-मोस. कारण त्या काळातली बाकीची रूपं, मी गात होतो, तू गात होतास, ते गात होते, सगळी 'ता'वर जोर देणारी होती. बोलणाऱ्यांनी सहाही घरं एका रांगेत लावून घेतली. आमच्या भाषेत याला रिफॅक्टरिंग म्हणतात. इथे ते एका पिढीत झालं नाही आणि कोणी ठरवूनही केलं नाही.

भविष्यकाळ कुठून आला

लॅटिनचा जुना भविष्यकाळ स्पॅनिशपर्यंत पोचलाच नाही. लोकांनी नवा बनवला : 'गायचं आहे मला' या धर्तीवर मूळ क्रियापद आणि त्याच्यामागे 'असणे-बाळगणे' या अर्थाचं सहायक क्रियापद. कान्तार अधिक ए मिळून कान्-ता-'रे, मी गाईन. सहायक क्रियापदावर स्वतःचा जोर होता, म्हणून आघात शेवटी. भविष्यकाळाची सहांपैकी पाच रूपं तिल्दे घेऊन येतात ती यामुळेच. जुन्या स्पॅनिशमध्ये हा जोड अजून उसवता येत होता, मधे सर्वनाम घालता येत होतं. पोर्तुगीजच्या औपचारिक लेखनात ते आजही चालतं.

या नव्या भविष्यकाळाची लेखी नोंद म्हणून नेहमी एक गंमतशीर उतारा सांगतात. सातव्या शतकातल्या एका फ्रँकिश बखरीत, जी फ्रेडेगारच्या नावाने ओळखली जाते, बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि पराभूत पर्शियन राजा यांची गोष्ट आहे. सम्राट प्रांत परत मागतो. राजा जुन्या लॅटिन रूपात म्हणतो, देणार नाही. सम्राट उत्तर देतो, 'दारास', देशील! आणि म्हणून त्या जागी वसलेल्या शहराचं नाव दारास पडलं, असं बखरकार सांगतो. शहराच्या नावाची ही व्युत्पत्ती दंतकथाच आहे. पण बखरकाराने नकळत दोन काळ एकमेकांसमोर उभे केले : पराभूत राजाच्या तोंडी मरणारं रूप, विजेत्याच्या तोंडी जन्मणारं.

नियम लिहिणारे लोक

इथपर्यंतचं सगळं बोलणाऱ्यांनी केलं. मग लिहिणारे आले. 1492 मध्ये सालामांका इथे आंतोनियो दे नेब्रिखा याचं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं गेलं आणि ते राणी इसाबेलला अर्पण झालं. तो ऑगस्ट महिना होता. कोलंबसची जहाजं त्याच महिन्यात निघाली होती. व्याकरणाच्या पाच भागांपैकी दुसरा भाग उच्चार आणि सिलॅबलवर आहे, आणि त्यात क्रियापदांच्या आघाताला स्वतंत्र प्रकरण दिलेलं आहे. पाचवा भाग परभाषकांसाठी आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. भविष्यकाळ हा दोन क्रियापदांचा जोड आहे हेही नेब्रिखाने ओळखलं होतं. साम्राज्य वाढेल तशी जिंकलेल्या लोकांना ही भाषा शिकावी लागेल, हा विचार त्याच्या प्रस्तावनेत उघडपणे मांडलेला आहे.

1713 मध्ये माद्रिदला रॉयल स्पॅनिश अकादमी स्थापन झाली. 1741 मध्ये तिचं पहिलं शुद्धलेखनाचं पुस्तक आलं. आजचे तिल्देचे नियम एकदम ठरले नाहीत, ते घासत घासत 19व्या शतकाच्या अखेरीस आजच्या रूपाजवळ आले. त्यानंतरही अकादमीचा हात थांबला नाही. 1952 मध्ये नवे नियम मांडले गेले आणि 1959 पासून लागू झाले. 'तो गेला', 'त्याने दिलं', 'त्याने पाहिलं' या एका सिलॅबलच्या रूपांवरची तिल्दे तेव्हा काढली गेली, कारण एकाच तुकड्यात जोर कुठे हा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे 1962 च्या नियमांनी 'नांव', 'कांहीं' यांवरचे अनुस्वार गेले, तसंच काहीसं. जुन्या छापील पुस्तकांत ती रेघ अजून भेटते.

खरी खळबळ 2010 मध्ये झाली. 'तो हसला' हे तेव्हापर्यंत तिल्देसह लिहिलं जाई. स्पेन आणि अर्जेन्टिनात बरेच लोक त्याचे दोन तुकडे पाडतात, रि-'ओ. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत तो एका दमात 'र्यो' होतो. लिहायचं कसं? त्या वर्षी 28 नोव्हेंबरला मेक्सिकोतल्या ग्वादालाखारा इथे स्पॅनिश भाषेच्या 22 अकादम्यांनी नवं शुद्धलेखन मंजूर केलं : लिखाणापुरता हा शब्द एका सिलॅबलचा धरायचा, म्हणजे तिल्दे नाही. तुम्ही दोन तुकड्यांत म्हणालात तरी हरकत नाही, रेघ मात्र द्यायची नाही. 'मी हसतो' या 'री-ओवर रेघ राहिली, म्हणून हसतो कोण आणि हसला कोण हा फरक वाचला. पण पहिल्यांदाच इतकं स्पष्ट झालं की कागदावरचा सिलॅबल आणि तोंडातला सिलॅबल या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. माझा प्रोग्रॅम जे तुकडे पाडतो ते 22 संस्थांच्या कराराप्रमाणे. माद्रिदमधल्या माणसाच्या जिभेप्रमाणे ते असतीलच असं नाही.

कोष्टकात नसलेली ओळ

आता बुएनोस आयरेसकडे वळते. तिथले सहकारी कॉलवर जी क्रियापदं वापरतात, ती मी वापरत असलेल्या ॲपच्या कोष्टकात नव्हती. ॲप 'तू'साठी 'तू' हेच स्पॅनिश सर्वनाम शिकवतं. 'तुझ्याकडे आहे' याला 'त्ये-नेस. सहकारी म्हणतात बोस ते-'नेस. 'तू मोजतोस' याला पुस्तक म्हणतं 'क्वेन्-तास, ते म्हणतात कोन्-'तास. ऐकणाऱ्याला वाटावं की जोर चुकीच्या जागी पडतोय.

हा जोर चुकीच्या जागी नाही. 'बोस' हे एकेकाळी आदरार्थी अनेकवचन होतं, आपल्या 'तुम्ही'सारखं. लॅटिनमध्ये 'तुमच्याकडे आहे' हे ते-'ने-तिस. मधलं 'ने' दीर्घ. त्याचं ते-'ने-देस झालं, 15व्या शतकात मधला द गळला, आणि स्पेनमध्ये ते-'नेइस तर ला प्लाता नदीच्या काठी ते-'नेस उरलं. 'त्येनेस'मधला त्ये हा आघात धातूवर असल्यामुळे घडला. 'बोस'च्या रूपात आघात मुळातच पुढे होता, म्हणून तिथे ए शाबूत आहे. 'बोस'च्या कोष्टकात बूट नाही. आणि द कधी गळला तेही आघातानेच ठरवलं. जिथे जोर 'दे'च्या लगेच आधी होता तिथे तो लवकर गेला. जिथे जोर आणखी मागे होता, जसं कान्-'ता-बा-देस, तिथे द 17व्या शतकापर्यंत टिकला. 1605 च्या 'दोन किखोते'त अशी द असलेली रूपं भेटतात.

स्पेनमध्ये पुढे 'बोस' मागे पडला आणि आदरासाठी 'उस्तेद' आला. अमेरिका खंडाच्या मोठ्या भागात 'बोस' राहिला, पण घरगुती, जवळिकीचा झाला. मग शाळा आली. काराकासमध्ये जन्मलेला, चिलीत स्थायिक झालेला आंद्रेस बेल्यो हा मोठा माणूस. 1847 मध्ये त्याने खास अमेरिकन वाचकांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिलं, आणि माद्रिदपेक्षा वेगळं, सोपं शुद्धलेखन सुचवलं. तोही 'बोस'च्या विरोधात होता. सुशिक्षित माणसाने असं बोलू नये, असं त्याचं मत होतं. चिलीतल्या शिक्षणावर त्याचा मोठा प्रभाव होता. अर्जेन्टिनात मुलं घरी एक रूप बोलत आणि शाळेच्या कोष्टकात दुसरं पाठ करत. ज्या रूपात आईने हाक मारली, ते वहीत अशुद्ध.

तरीही 'बोस' हटला नाही. 1964 पासून किनोच्या कार्टूनमधली माफाल्दा ही छोटी मुलगी याच रूपांत जगाला प्रश्न विचारू लागली. अखेर 1982 मध्ये अर्जेन्टिनाच्या अकादमीने 'बोस' हा सुशिक्षित बोलण्याचा भाग म्हणून मान्य केला. 2005 मध्ये सगळ्या अकादम्यांनी मिळून काढलेल्या शंकाकोशातल्या क्रियापदांच्या कोष्टकांत 'तू'शेजारी 'बोस'ची रूपंही छापली गेली.

इथेही तिल्देच कोण बोलतंय ते सांगते, कधी तर ती नसल्याने. 'माझ्याकडे बघ' असं माद्रिदमध्ये 'मी-रा-मे, आणि लिहिताना पहिल्या इवर रेघ, कारण सर्वनाम चिकटल्याने सिलॅबल वाढले आणि जोर शेवटून तिसऱ्यावर गेला. बुएनोस आयरेसमध्ये मि-'रा-मे, शेवटून दुसऱ्यावर, म्हणून रेघच नाही. चॅटमध्ये हा शब्द बिनरेघेचा आला की समोरचा कुठल्या शहरातून लिहितोय याचा मला बऱ्यापैकी अंदाज येतो. अर्थात, त्याने फोनवर रेघ द्यायचा कंटाळा केला नसेल तर.

'बोस'ची ओळ मी माझ्या प्रोग्रॅममध्ये घातली. मूळ क्रियापदाचा शेवटचा र काढायचा, उरलेल्या शेवटच्या स्वरावर तिल्दे द्यायची आणि पुढे स लावायचा : आब्लार, आ-'ब्लास, तेनेर, ते-'नेस, बिबीर, बि-'बीस. आज्ञा द्यायची असेल तर स लावायचाही त्रास नाही. धातू बदलत नाही, बूट नाही, अपवाद बोटांवर मोजण्याइतके. ज्या रूपाला शाळांनी इतकी वर्षं अशुद्ध म्हटलं, ते सगळ्या कोष्टकात सर्वांत नियमित निघालं. कोडच्या दोन ओळी पुरल्या.